बुकर टी. वॉशिंग्टन : विटेवर वीट रचणारा शिक्षक

आठवडाभर धगधगत ठेवलेली विटांची भट्टी आता काही तासांतच उतरणार होती. हजारो पक्क्या विटा हाती येतील, या आशेवर अलाबामा राज्यातील टस्कीगी या लहानशा गावातल्या शाळेचे विद्यार्थी आणि शिक्षक दिवस मोजत होते. त्या मध्यरात्री भट्टी कोसळली. ही तिसरी भट्टी. सुमारे पंचवीस हजार विटांची पहिली भट्टी नीट रचली न गेल्याने आणि नीट भाजली न गेल्याने वाया गेली होती. दुसरीचीही तीच गत झाली होती. आता चौथा प्रयोग करावा, तर शाळेच्या तिजोरीत एक डॉलरही उरला नव्हता. बहुतेक सहकाऱ्यांनी विटांचा नाद सोडून देण्याचा सल्ला दिला. तिशीही न गाठलेल्या मुख्याध्यापकांनी तो ऐकून घेतला, आपल्याजवळचे घड्याळ मॉन्टगोमेरी शहरात नेऊन गहाण ठेवले आणि पंधरा डॉलर घेऊन ते परतले. चौथी भट्टी लागली, ती साधली. घड्याळ मात्र पुन्हा कधीच सोडवता आले नाही.

हे मुख्याध्यापक म्हणजे बुकर टी. वॉशिंग्टन. मराठी वाचकांना टस्कीगीची ओळख झाली ती प्रामुख्याने वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे. कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना १८९६ मध्ये ज्या संस्थेने आग्रहाने बोलावून घेतले, त्या संस्थेची उभारणी बुकर वॉशिंग्टन यांनी केली. कार्व्हर ज्या आवारात पाऊल ठेवते झाले, तेथील बहुतेक इमारतींचे पाये विद्यार्थ्यांनी खोदले होते, विटा विद्यार्थ्यांनी पाडल्या होत्या आणि भिंतीही विद्यार्थ्यांनीच चढवल्या होत्या. गवंडीकाम, सुतारकाम, वीटकाम, रंगकाम आणि इमारतीचे रेखाटन हे तेथे रीतसर अभ्यासाचे विषय होते. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या समाजाने आपली शाळा आपल्या हातांनी बांधली, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. हातातल्या कसबाने माणसाला काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा एक मोठा हिशेब वॉशिंग्टन यांच्या चरित्रात मांडलेला आहे.

मातीच्या जमिनीवरचे बालपण

बुकर यांचा जन्म १८५६ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील फ्रँकलिन परगण्यात बरोज नावाच्या कुटुंबाच्या तंबाखूच्या मळ्यावर झाला. आई जेन त्या मळ्यावर स्वयंपाक करणारी गुलाम. वडील कोणी गोरे गृहस्थ होते, याखेरीज त्यांच्याविषयी बुकर यांना कधीच काही कळले नाही. सुमारे चौदा फूट रुंद आणि सोळा फूट लांब अशा लाकडी खोपटात आई, थोरला भाऊ जॉन आणि धाकटी बहीण अमांडा यांच्यासह ते वाढले. खिडक्यांना काचा नव्हत्या, जमीन मातीची होती आणि तिच्या मधोमध हिवाळ्यात रताळी ठेवण्यासाठी खणलेला खड्डा होता. पुढे आयुष्यभर घरे बांधायला शिकवणाऱ्या माणसाचे हे पहिले घर.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरीही संपली. सावत्र वडील आधीच वेस्ट व्हर्जिनियातील मॉल्डन या गावी मिठाच्या भट्ट्यांवर कामाला गेले होते. आईने मुलांना घेऊन तेथपर्यंतचा बराचसा प्रवास पायीच केला. लहानग्या बुकरलाही भट्टीवर राबावे लागले. मिठाची पिंपे भरून झाली की मुकादम प्रत्येक मजुराच्या पिंपावर त्याचा आकडा लिहीत असे. सावत्र वडिलांचा आकडा होता १८. बुकर जी पहिली अक्षरखूण ओळखायला शिकले, ती हीच. पुढे आईने कोठून तरी मिळवलेल्या अंकलिपीच्या पुस्तकावर त्यांनी मुळाक्षरे गिरवली आणि काम सांभाळून ते शाळेत जाऊ लागले. हजेरीच्या वेळी इतर मुले दोन-दोन नावे सांगत असल्याचे पाहून त्यांनी आपल्या नावापुढे ‘वॉशिंग्टन’ हे आडनाव स्वतःच जोडून टाकले.

त्यानंतर कोळशाच्या खाणीतही त्यांनी काम केले. तेथेच दोन खाणकामगारांच्या बोलण्यातून हॅम्प्टन येथील एका शाळेची वार्ता त्यांच्या कानी आली. गरीब कृष्णवर्णीय मुलाला तेथे काम करून शिकता येते, एवढेच त्यांना कळले आणि तेवढे पुरेसे होते. दरम्यान खाणीचे मालक जनरल लुईस रफनर यांच्या घरी त्यांना नोकरी मिळाली. मालकीणबाई व्हायोला रफनर अतिशय कडक. कुंपणाची फळी निखळलेली, अंगणात कागदाचा कपटा पडलेला किंवा दारावर डाग उरलेला त्यांना खपत नसे. त्यांच्या हाताखाली घरकामाचे धडे गिरवलेल्या बुकर यांना पुढे आयुष्यात कोठेही मोडके फाटक दिसले की ते दुरुस्त केल्यावाचून राहवत नसे.

झाडूने दिलेली प्रवेश परीक्षा

१८७२ मध्ये सोळा वर्षांचे बुकर हॅम्प्टनला निघाले. अंतर सुमारे पाचशे मैल आणि खिशात पुरेसे भाडेही नाही. रिचमंड शहरात पोहोचेपर्यंत पैसे संपले. लाकडी फळ्यांच्या उंच पदपथाखाली जमिनीवर झोपून त्यांनी रात्री काढल्या आणि दिवसा जहाजातून कच्चे लोखंड उतरवून पोटापुरते पैसे मिळवले. हॅम्प्टनला ते पोहोचले तेव्हा जवळ पन्नास सेंट उरले होते.

त्यांचा अवतार पाहून शिक्षिका मेरी मॅकी यांनी प्रवेशाचा निर्णय काही तास लांबवला. अखेर त्यांनी एक वर्गखोली झाडायला सांगितली. बुकर यांनी ती तीन वेळा झाडली आणि चार वेळा पुसली. मॅकीबाईंनी भिंतीवरून, बाकांवरून रुमाल फिरवून पाहिला, त्याला धुळीचा कणही लागला नाही आणि प्रवेश मिळाला. फी भागवण्यासाठी त्याच शाळेत शिपायाचे काम त्यांना देण्यात आले. पहाटे उठून खोल्या झाडणे, शेगड्या पेटवणे आणि मग वर्गात बसणे, असा त्यांचा क्रम होता. वसतिगृहात जागा अपुरी पडली तेव्हा कडाक्याच्या हिवाळ्यात काही विद्यार्थी तंबूत राहिले. त्यांत बुकरही होते.

हॅम्प्टनचे संस्थापक जनरल सॅम्युअल आर्मस्ट्राँग हे यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले सेनाधिकारी. त्यांचे बालपण हवाई बेटांवर मिशनरी आईवडिलांजवळ गेले होते आणि पुस्तकाबरोबर हातकाम शिकवणाऱ्या तिथल्या शाळा त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. तोच नमुना त्यांनी १८६८ मध्ये व्हर्जिनियात आणला. बुकर यांच्या मनावर या माणसाचा जो ठसा उमटला, तो कायमचा. १८७५ मध्ये हॅम्प्टनचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी मॉल्डनला शिक्षकी केली, काही काळ वॉशिंग्टन शहरात धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घालवला आणि १८७९ मध्ये ते शिक्षक म्हणून हॅम्प्टनला परतले.

मतांच्या मोबदल्यात मिळालेली शाळा

टस्कीगीच्या शाळेचा जन्म निवडणुकीत झाला, ही बाब अनेकदा विसरली जाते. गावात लुईस ॲडम्स नावाचे एक कारागीर होते. गुलामगिरीच्या काळातच ते चांभारकाम, घोड्यांचा साज करण्याचे काम आणि पत्राकाम अशी तीन कामे शिकले होते, आणि कृष्णवर्णीय वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन होते. १८८० च्या निवडणुकीत एका गोऱ्या उमेदवाराने मतांसाठी त्यांची मदत मागितली. ॲडम्स यांनी स्वतःसाठी काही न मागता आपल्या लोकांसाठी शाळा मागितली. उमेदवार निवडून आला आणि १८८१ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने शिक्षकांच्या पगारासाठी वार्षिक दोन हजार डॉलर मंजूर केले. जमीन आणि इमारतीसाठी मात्र एक सेंटही नव्हता. मुख्याध्यापकपदासाठी हॅम्प्टनकडे विचारणा झाली, तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी पंचवीस वर्षांच्या बुकर वॉशिंग्टन यांचे नाव सुचवले.

४ जुलै १८८१ रोजी चर्चजवळच्या एका मोडक्या खोपटात तीस विद्यार्थ्यांसह शाळा सुरू झाली. पाऊस आला की एखादा विद्यार्थी उठून मुख्याध्यापकांच्या डोक्यावर छत्री धरी आणि पाठ चालू राही. गावाजवळ शंभर एकरांचा एक ओसाड मळा पाचशे डॉलरला विकायला होता. हॅम्प्टनचे खजिनदार जनरल जेम्स मार्शल यांनी स्वतःच्या पैशातून अडीचशे डॉलर उसने दिले आणि मळा शाळेचा झाला. मुख्य घर पूर्वीच जळून गेले होते. उरला होता तो तबेला आणि कोंबड्यांचा खुराडा. दोन्ही झाडून-धुऊन त्यांत वर्ग भरू लागले.

पहिल्या तुकडीतले अनेक विद्यार्थी स्वतः खेड्यांत शिक्षक होते. अंगमेहनत ही गुलामीची खूण आणि शिक्षण म्हणजे त्या मेहनतीतून सुटका, असे त्यांना मनापासून वाटे. त्यांच्या मागची पिढी फटक्यांच्या भीतीने राबली होती, त्यामुळे या समजुतीत गैर काही नव्हते. दुसरीकडे, वॉशिंग्टन यांनी आजूबाजूच्या खेड्यांतून फिरताना पाहिलेले चित्र वेगळेच होते. एका खोलीच्या घाणेरड्या खोपटात एक तरुण मळक्या कपड्यांनिशी फ्रेंच व्याकरण पाठ करीत बसला होता आणि अंगणात तण माजले होते. पुस्तक आणि अंगण यांचा काही संबंध असतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तो संबंध जोडणे हे वॉशिंग्टन यांनी आपले काम मानले. शाळा सुटल्यावर ते स्वतः कुऱ्हाड घेऊन रानात शिरत. मुख्याध्यापकच झाडे तोडत असल्याचे पाहून विद्यार्थीही हळूहळू मागे येऊ लागले आणि वीस एकर जमीन लागवडीखाली आली.

चिखलात गुडघाभर

पहिली मोठी इमारत म्हणजे पोर्टर हॉल. ब्रुकलिनच्या एका देणगीदाराच्या नावाने ती उभी राहिली आणि तिला सुमारे सहा हजार डॉलर खर्च आला. पैसे हाती नसतानाच वर्ग सुटल्यावर विद्यार्थ्यांनी पायाचे चर खोदायला घेतले. तयार इमारत विकत घेण्यापेक्षा किंवा बाहेरच्या कंत्राटदाराकडून बांधून घेण्यापेक्षा विद्यार्थ्यांकडून बांधून घ्यायची, हा वॉशिंग्टन यांचा हट्ट होता. पहिल्या इमारती ओबडधोबड होतील, हे त्यांना ठाऊक होते. परंतु दुसरी इमारत पहिलीपेक्षा बरी आणि तिसरी दुसरीपेक्षा बरी होईल आणि या सुधारणेतूनच विद्यार्थी घडतील, असा त्यांचा हिशेब होता.

त्या काळी टस्कीगी गावात वीटभट्टीच नव्हती, म्हणून विटाही आपणच करायच्या ठरल्या. एकामागून एक जागा खणून पाहिल्यावर विटाजोगी माती सापडली. वीट पाडणे दिसते सोपे, पण त्या कामाला कसब आणि कष्ट दोन्ही लागतात. गुडघाभर चिखलात तासन् तास उभे राहून माती तयार करायची, ती साच्यात भरायची, कच्च्या विटा वाळवायच्या, मग आच सर्वत्र सारखी पोहोचेल अशा बेताने भट्टी रचायची आणि आठवडाभर जाळ सांभाळायचा. रचणीत किंवा आचेत चूक झाली की सारे श्रम मातीमोल. या कामाला कंटाळून कित्येक विद्यार्थी शाळा सोडून गेले. तीन भट्ट्यांचे अपयश आणि घड्याळाचे गहाण ही कहाणी याच काळातली.

चौथ्या भट्टीनंतर चित्र पालटले. गावातल्या गोऱ्या रहिवाशांना चांगल्या विटा हव्या होत्या आणि त्या या शाळेतच मिळत होत्या. शाळेविषयी फारशी आस्था नसलेले लोकही विटा घ्यायला येऊ लागले आणि येण्या-जाण्यातून व्यवहार वाढला. १९०० च्या सुमारास एका हंगामात विद्यार्थ्यांनी पाडलेल्या विटांची संख्या बारा लाखांवर गेली होती. पहिल्या एकोणीस वर्षांत लहानमोठ्या चाळीस इमारती झाल्या. त्यांपैकी चार वगळता बाकीच्या जवळजवळ पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या हातच्या होत्या. एखादा नवा मुलगा भिंतीवर पेन्सिलने रेघोट्या ओढू लागला, की जुना विद्यार्थी त्याला हटकून ही इमारत आपण बांधली असल्याची जाणीव करून देई, असे वॉशिंग्टन यांनी नोंदवून ठेवले आहे. शिस्तीचे कोणतेही नियम न लावता इमारतींची निगा राहत होती, ती अशी.

पालक मात्र नाराज होते. मुलांना पुस्तके शिकायला पाठवले आहे, मजुरीला नव्हे, अशा तक्रारी पत्रांतून येत. काही जण स्वतः येऊन भांडत. पुस्तके जितकी जाड आणि त्यांची नावे जितकी लांबलचक, तितके शिक्षण मोठे, अशी त्यांची समजूत होती. वॉशिंग्टन गावोगाव हिंडून पालकांना समजावत, परंतु नियमाला अपवाद करीत नसत. पूर्ण फी भरू शकणाऱ्या मुलालाही हातकाम सक्तीचे होते.

हात आणि पुस्तक

१८८४ मध्ये अगदी गरीब मुलांसाठी रात्रशाळा सुरू झाली. दिवसा दहा तास एखाद्या विभागात काम शिकायचे आणि संध्याकाळी दोन तास वर्गात बसायचे. कामाची मजुरी विद्यार्थ्याच्या नावे जमा होई आणि पुढे दिवसाच्या शाळेत गेल्यावर त्याच्या जेवणाखाणाचा खर्च त्यातून भागे. कमावत शिकण्याची ही पद्धत आज अनेक देशांतील शिकाऊ उमेदवारीच्या योजनांत दिसते. टस्कीगीत ती दारिद्र्यातून जन्माला आली.

वर्ग आणि कारखाना यांची सांधेजोड हा त्या शिक्षणाचा गाभा होता. सुतारकाम शिकणाऱ्याला गणिताच्या तासाला लाकडाची घनफुटे, छपराचा उतार आणि मजुरीचा हिशेब सोडवायला दिला जाई. भिंतीला किती विटा लागतील, हे गवंडीकामाच्या विद्यार्थ्याने कागदावर काढायचे आणि मग भिंत रचून आपला अंदाज ताडून पाहायचा. भाषेच्या तासाला निबंधाचा विषयही कामातला असे. वीटकाम, गवंडीकाम, सुतारकाम, गिलावा, रंगकाम, पत्राकाम, नळजोडणी, लोहारकाम असे विभाग एकेक करून वाढत गेले. मात्र बांधकामाचे हे विभाग मुलांसाठीच होते. मुलींच्या वाट्याला शिवण, पाककला, धुलाई अशी त्या काळी स्त्रियांची मानली गेलेली कामेच आली, ही मर्यादाही नोंदवली पाहिजे.

या व्यवस्थेला शास्त्रीय बैठक मिळाली ती रॉबर्ट टेलर यांच्यामुळे. उत्तर कॅरोलिनातील एका बांधकाम व्यावसायिकाचे हे चिरंजीव १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेतून वास्तुशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. तेथून पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. वॉशिंग्टन यांनी त्यांना टस्कीगीत आणले. टेलर आराखडे काढत, विद्यार्थी ते आराखडे गिरवत, वाचायला शिकत आणि मग तीच इमारत उभी करीत. १८९६ ते १८९८ या काळात बांधलेले संस्थेचे चॅपल आणि १८९९ मध्ये पूर्ण झालेले ‘द ओक्स’ हे वॉशिंग्टन यांचे निवासस्थान ही या पद्धतीची ठळक फळे. मळ्यावरच्या मातीच्या जमिनीपासून सुरू झालेला प्रवास विद्यार्थ्यांनी पाडलेल्या विटांच्या घरापाशी येऊन पोहोचला होता.

कसब होते, मत नव्हते

सप्टेंबर १८९५ मध्ये अटलांटा येथील प्रदर्शनात केलेल्या भाषणाने वॉशिंग्टन देशभर प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीयांनी आधी उद्योग, शेती आणि कारागिरीत पाय रोवावेत, सामाजिक बरोबरीसाठी तूर्त आंदोलन करू नये, असा त्या भाषणाचा आशय होता. गोऱ्या उद्योगपतींना ते पसंत पडले आणि देणग्यांचा ओघ वाढला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०३ मध्ये सहा लाख डॉलर दिले. त्याआधी १९०१ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी वॉशिंग्टन यांना व्हाइट हाऊसमध्ये भोजनास बोलावले, तेव्हा दक्षिणेत मोठा गहजब झाला. त्याच वर्षी त्यांचे ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ हे आत्मचरित्र पुस्तकरूपाने आले आणि अनेक भाषांत गेले. दक्षिण आफ्रिकेत असलेल्या गांधीजींनीही १९०३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांच्या कार्यावर लेख लिहिला.

पण त्याच वर्षांत पायाखालची जमीन सरकत होती. १९०१ मध्ये अलाबामाने नवी राज्यघटना स्वीकारली आणि तिने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपवला. ज्या मतांच्या बळावर टस्कीगीची शाळा मिळाली होती, ती मतेच नाहीशी झाली. कारागिरांच्या अनेक गोऱ्या संघटना कृष्णवर्णीयांना सभासद करून घेत नव्हत्या. उत्तम गवंडी किंवा सुतार झालेला तरुणही मोठ्या शहरातील बांधकामावर उभा राहू शकेल, याची खात्री उरली नव्हती. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०२ मध्ये कृष्णवर्णीय कारागिरांचा अभ्यास प्रसिद्ध करून ही कोंडी मांडली. पुढच्या वर्षी ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथात त्यांनी वॉशिंग्टन यांच्यावर थेट टीका केली. मताधिकार नसलेला कारागीर आपली मिळकत आणि आपला हक्क कसा राखणार, आणि महाविद्यालयीन शिक्षण दुय्यम मानले तर कारागीर घडवणारे शिक्षक कोठून येणार, हे त्यांचे सवाल होते. टस्कीगीच्या उत्तमोत्तम इमारतींचा वास्तुकार उच्च तंत्रशिक्षण घेऊनच आलेला होता, हे पाहता दुसऱ्या सवालाला बगल देणे कठीण होते.

वॉशिंग्टन यांनी जाहीरपणे आपली भूमिका फारशी बदलली नाही. मात्र त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कागदपत्रांच्या अभ्यासातून वेगळीच बाजू उजेडात आली. अलाबामाच्या मताधिकारबंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खटल्यांना ते गुप्तपणे पैसा पुरवत होते. ते खटले हरले. गोऱ्या देणगीदारांना दुखावले तर शाळा बुडेल आणि गप्प राहिले तर समाज बुडेल, अशा कात्रीत त्यांनी आयुष्याची शेवटची वीस वर्षे काढली. त्यांचे मौन व्यवहार्य होते की घातक, हा वाद अमेरिकेत अजूनही मिटलेला नाही.

भिंतींच्या पलीकडे

टस्कीगीतून बाहेर पडलेल्यांपैकी अनेक जण शिक्षक झाले, अनेकांनी गावोगाव बांधकामे घेतली आणि काही थेट वास्तुकलेच्या शिखराकडे गेले. जॉन लँकफोर्ड टस्कीगीत शिकले आणि १९०३ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्यांनी आराखडा केलेली ‘ट्रू रिफॉर्मर’ ही इमारत उभी राहिली. व्हर्टनर टँडी येथून कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सेंट फिलिप चर्च व उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांची हवेली यांचे आराखडे केले. विल्यम सिडनी पिटमन टस्कीगीत शिकून पुन्हा तेथेच शिकवायला आले. पुढे ते वॉशिंग्टन यांचे जावई झाले. टस्कीगीत रेखाटन शिकवणारे वॉलेस रेफील्ड यांनी बर्मिंगहॅम शहरातील सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चचा आराखडा केला. १९६३ मध्ये वर्णद्वेष्ट्यांनी याच चर्चमध्ये बॉम्बस्फोट घडवला आणि त्यात चार मुलींचा बळी गेला. भिंत कितीही भक्कम बांधली, तरी तिच्या आत बसणाऱ्याला कायद्याचे छप्पर लागतेच, याची याहून विदारक साक्ष नसेल.

वॉशिंग्टन यांचे अखेरचे मोठे काम पुन्हा बांधकामाचेच होते. शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड १९१२ मध्ये टस्कीगीच्या विश्वस्त मंडळावर आले. दोघांनी मिळून खेड्यातील कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधण्याची योजना आखली. टस्कीगीजवळ सहा शाळांपासून प्रारंभ झाला. आराखडे टस्कीगीने करायचे, काही पैसा रोझेनवाल्ड यांनी द्यायचा आणि उरलेला वाटा गावकऱ्यांनी वर्गणीतून, लाकूडफाट्यातून, श्रमातून उभा करायचा, अशी ती रीत होती. वीज नसलेल्या खेड्यांत वर्गात भरपूर उजेड यावा म्हणून खिडक्या कोणत्या दिशेला आणि कशा असाव्यात, याचाही विचार त्या आराखड्यांत होता. १९३२ पर्यंत दक्षिणेतील पंधरा राज्यांत अशा सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या.

ते पाहायला वॉशिंग्टन नव्हते. अखंड दौरे आणि वाढता रक्तदाब यांनी त्यांची प्रकृती पोखरली होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये न्यूयॉर्कला ते कोसळले. दक्षिणेत जन्मलो, दक्षिणेतच मरेन, अशा निर्धाराने त्यांनी रेल्वेने टस्कीगी गाठले आणि १४ नोव्हेंबर १९१५ रोजी वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. संस्थेच्या आवारातच त्यांचे दफन झाले. मोडक्या खोपटात तीस विद्यार्थ्यांसह सुरू झालेल्या शाळेत त्या वेळी शंभराहून अधिक इमारती, सुमारे दीड हजार विद्यार्थी आणि जवळजवळ दोनशे शिक्षक होते.

विद्यार्थ्यांनी बांधलेले जुने चॅपल १९५७ मध्ये आगीत नष्ट झाले. ‘द ओक्स’ मात्र टिकून आहे आणि १९७४ पासून हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. टस्कीगी आता विद्यापीठ आहे आणि तेथील वास्तुकला व बांधकामशास्त्राच्या विभागाला रॉबर्ट टेलर यांचे नाव दिलेले आहे. वॉशिंग्टन यांनी आपल्या लोकांना कमी मागायला शिकवले, हा आक्षेप इतिहासाने पुसलेला नाही. पण गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या मुलाला आपण मजुरी करीत नसून विद्या शिकतो आहोत, हे पटवून देणारे शिक्षक तेव्हाही विरळा होते. गवंड्याच्या हातातल्या थापीला पाटी-पेन्सिलीच्या शेजारी मानाची जागा मिळावी, यासाठी त्यांनी गहाण ठेवलेले ते घड्याळ परत आले नाही. त्या पंधरा डॉलरांनी पेटवलेल्या भट्टीतून मात्र एक विद्यापीठ उभे राहिले.